नावाआडून

सोलापूरहून अक्कलकोटला निघाले की वाटेत वळसंग लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातले गाव. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे मराठीत सुरू झालेले बोलणे कानडीत संपले तरी इथे कुणाला नवल वाटत नाही. या गावात एक विहीर आहे. गावच्या पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता, त्या वस्तीतल्या माणसांनी ती स्वतःच्या कष्टाने उभी केली, आणि १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर वळसंगला आले ते या विहिरीचे पाणी खुले करायला.

वळसंगला आले तेव्हा बाबासाहेबांचे नाव महाराष्ट्रभर पोचलेले होते. पण त्याच्या सतरा वर्षे आधी त्यांनी पत्रकारितेत पाऊल टाकले ते दुसऱ्याच्या नावाआडून. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यावर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पाक्षिकाची कल्पना, धोरण आणि सुरुवातीचे अग्रलेख बाबासाहेबांचे. पण ते तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे सरकारी नोकर. उघडपणे वृत्तपत्राचे संपादक होणे त्यांना शक्य नव्हते. नाव लपवले म्हणून त्या अग्रलेखांचे मोल कमी झाले असे आज कुणीही म्हणणार नाही.

समाजमाध्यमांवरच्या खोट्या नावांविषयी बोलताना मी या प्रसंगापासून सुरुवात करतो, कारण ‘फेक अकाउंट’ हा शब्द ऐकला की आपल्या मनात आधी चोर उभा राहतो. चोर असतोच. पण त्याच शब्दाखाली इतर बरीच माणसे दडलेली असतात, आणि त्या सगळ्यांना एकाच दोरीने बांधले की भलत्याच माणसाला शिक्षा होते.

वळसंगसारख्या गावातली फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरची नावे डोळ्यांसमोर आणा. कुणी आडनावाच्या जागी गावाचे नाव लावून वळसंगकर झालेला असतो. कुणी आपल्या नावाआधी बिरुद जोडतो. एखाद्या मुलीच्या खात्यावर आडनाव नसते, पूर्ण नावही नसते, छायाचित्राच्या जागी फूल किंवा देवीची मूर्ती असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एखादे गुरुजी टोपणनावाने कविता टाकतात आणि त्याच खात्यावर शाळेच्या गळक्या छपराबद्दलही लिहितात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत चार दिवसांसाठी एक निनावी खाते उगवते, समोरच्या पॅनेलला शिव्या घालते आणि निकालाबरोबर नाहीसे होते. आणि मग एखादे असे खाते, ज्यावर नाव खरे आहे, फोटो खरा आहे, गावही खरे आहे. फक्त ते खाते त्या माणसाचे नाही.

यांतली बहुतेक नावे कागदपत्रांवरच्या नावाशी जुळत नाहीत. जे शेवटचे नाव तंतोतंत जुळते, तेच सर्वांत घातक. म्हणून नाव खरे की खोटे एवढे विचारून भागत नाही. हे नाव कुणाचे आहे आणि त्या नावाने जे केले त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारावे लागते. टोपणनाव घेणाऱ्याने स्वतःला झाकलेले असते. नाव चोरणाऱ्याने दुसऱ्याला पुढे ढकललेले असते.

मराठीत नाव झाकून लिहिण्याची परंपरा जुनी आहे आणि ती आपण अभिमानाने सांगतो. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. त्यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली. जातिभेद, बालविवाह, विधवांचे हाल, पोकळ विद्वत्ता यांवर त्या शतपत्रांनी जे कोरडे ओढले, ते स्वतःच्या नावाने ओढणे त्या काळात सोपे नव्हते. खुद्द सोलापुरात ‘कुंजविहारी’ म्हणजे हरिहर गुरुनाथ कुलकर्णी सलगरकर आणि ‘संजीव’ म्हणजे कृष्ण गंगाधर दीक्षित. या दोन कवींना त्यांच्या टोपणनावांनीच लोक ओळखत. कवीचे टोपणनाव हा पुष्कळदा हौसेचा भाग असतो, त्याच्यामागे भीती असतेच असे नाही.

भीती होती ती विभावरी शिरूरकरांच्या नावामागे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचे वय उलटून चाललेल्या तरुण मुलींच्या मनात काय चालते, शरीराची ओढ, घरातली घुसमट, आईबापांचा स्वार्थ, हे त्यात एका बाईने सरळ लिहिले होते. महाराष्ट्रात गदारोळ उठला. ही शिरूरकर कोण, हे शोधण्यासाठी लोक हात धुऊन मागे लागले. प्रकाशक ह. वि. मोटे यांनी गुपित राखले. लेखिका होत्या बाळूताई खरे, मुलींना शिकवणाऱ्या शिक्षिका. पुढे १९३८ साली विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. शिक्षिकेच्या नावावर ते पुस्तक निघाले असते तर तिला वर्गात उभे राहणे किती अवघड झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. विभावरी शिरूरकर या नावाची बाई कुठे राहत नव्हती, तरी तिने लिहिलेल्या एकाही वेदनेत खोट नव्हती. आणि हे नाव वापरून बाळूताईंनी दुसऱ्या कुठल्या बाईला अडचणीत आणले नाही. जो राग उसळला तो त्या नावावर उसळला आणि त्या नावाने तो पेलला.

आता त्या फुलाच्या फोटोवाल्या मुलीकडे येऊ. तिने कादंबरी लिहिलेली नाही. तिला फक्त कॉलेजच्या मैत्रिणींशी बोलायचे आहे, एमपीएससीच्या तयारीचे व्हिडिओ पाहायचे आहेत, एखाद्या गाण्यावर प्रतिक्रिया द्यायची आहे. पूर्ण नाव आणि चेहरा टाकला की अनोळखी माणसांचे निरोप सुरू होतात. ‘हाय’ पासून सुरुवात होते आणि कुठे जाऊन थांबेल ते सांगता येत नाही. गावात आडनावावरून घर कळते, घरावरून भाऊबंद कळतात, आणि जातही कळते. शहरातल्या माणसाला आडनाव टाकण्यात काही वाटत नाही, कारण त्याच आडनावाची शेकडो घरे शहरात असतात. वळसंगात आडनाव म्हणजे पत्ताच. म्हणून तिने अर्धे नाव ठेवले. मला यात फसवणूक दिसत नाही, शहाणपण दिसते. फेसबुकनेही २०२० च्या मे महिन्यात भारतात ‘प्रोफाइल लॉक’ ही सोय आणली. अनोळखी माणसाला आपला फोटो मोठा करून पाहता येऊ नये, उतरवून घेता येऊ नये, ही बायकांची गरज कंपनीलाही मान्य करावी लागली.

खऱ्या नावाने, खऱ्या चेहऱ्याने लिहिले तर काय होऊ शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई आणि आजूबाजूचा भाग बंद होता. पालघरच्या एका तरुणीने या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या, म्हणजे ‘लाइक’चे बटण दाबले. दोघींना अटक झाली. दोघींनी नाव लपवले नव्हते, शिवी दिली नव्हती, कुणाला धमकावले नव्हते. देशभर संताप उसळला, कारवाई करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले, आणि याच घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने अशा पोस्टवर कारवाईसाठी वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

त्या निकालातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ६६अ मध्ये तीन पोटकलमे होती, आणि तिसऱ्यात, निरोप कुणाकडून आला याबद्दल समोरच्याची दिशाभूल करणे हासुद्धा गुन्हा होता. संपूर्ण कलम गेले, त्याबरोबर तेही गेले. म्हणजे आज केवळ टोपणनावाने खाते उघडले एवढ्यावरून भारतीय कायद्यात गुन्हा होत नाही. फेसबुक आपल्या नियमांनुसार असे खाते बंद करू शकते, कारण रोजच्या व्यवहारात ज्या नावाने लोक ओळखतात तेच नाव तिथे असावे अशी त्या कंपनीची अट आहे. पण कंपनीची अट मोडणे वेगळे आणि कायदा मोडणे वेगळे.

कायदा मोडतो तो चोर. त्याची पद्धत इतकी सोपी आहे की ती एकदा नीट समजून घेतली पाहिजे. तो एखाद्या शिक्षकाचे, डॉक्टरचे किंवा पोलीस अधिकाऱ्याचे खाते उघडतो. तिथला फोटो उतरवून घेतो, नाव आणि गाव जसेच्या तसे टाकून नवे खाते काढतो, आणि मूळ खात्यावरची मित्रांची यादी उघडी असेल तर त्यातल्या प्रत्येकाला मैत्रीची विनंती पाठवतो. सरांचे जुने खाते बंद पडले असेल असे समजून लोक ती स्वीकारतात. मग निरोप येतो: दवाखान्यात आहे, तातडीने दहा हजार पाठव, उद्या देतो. अलीकडे दुसरी तऱ्हा फार चालते. जिल्हाधिकाऱ्याच्या किंवा पोलीस अधीक्षकाच्या नावाने निरोप येतो की माझ्या ओळखीच्या निमलष्करी दलातल्या अधिकाऱ्याची बदली झाली आहे, घरचे फर्निचर अगदी स्वस्तात काढायचे आहे, फोटो पाहा, आगाऊ रक्कम पाठवा. महाराष्ट्रातल्या कित्येक सनदी अधिकाऱ्यांना ‘माझ्या नावाने खोटे खाते निघाले आहे, व्यवहार करू नका’ असे जाहीर करावे लागले आहे. साहेबाने आपल्याला आपणहून मेसेज केला, या आनंदात माणूस चौकशी करायचे विसरतो. साहेबावरचा विश्वास चोराने फुकटात वापरलेला असतो.

याहून वाईट प्रकार मुलींच्या वाट्याला येतो. इथे चोर बहुधा अनोळखी नसतो. लग्नाला नकार दिलेला, मैत्री तुटलेला, किंवा भावकीतल्या भांडणाचा सूड घेऊ पाहणारा कुणीतरी तिच्या फोटोने खाते उघडतो आणि तिच्या तोंडून घाणेरडे लिहितो, कधी तिचा फोन नंबरही टाकतो. पैशाची फसवणूक पैशाने भरून निघू शकते. इथे गावात तिच्याकडे पाहण्याची नजर बदलते, आणि खाते तिचे नव्हतेच हे पटवण्याची जबाबदारीही तिच्यावरच येऊन पडते.

अशा माणसाला पोलीस शोधतात कसे? खाते खोट्या नावाचे असले तरी ते उघडताना कुठला तरी मोबाइल नंबर किंवा ईमेल दिलेला असतो. प्रत्येक वेळी खाते वापरले की कंपनीकडे वेळेची आणि आयपी पत्त्याची नोंद राहते. पोलीस कंपनीकडे ही नोंद मागतात, त्यावरून मोबाइल कंपनीपर्यंत आणि तिथून सिमकार्डाच्या मालकापर्यंत पोचतात. वाचायला हे सरळ वाटते. पण मोबाइल इंटरनेटवर एकाच आयपी पत्त्यामागे एकाच क्षणी शेकडो फोन असू शकतात. नेमकी वेळ आणि ‘पोर्ट’चा क्रमांक मिळाला नाही तर त्या शेकड्यातला एक निवडता येत नाही. शिवाय सिमकार्ड भलत्याच माणसाच्या कागदपत्रांवर घेतलेले असते, आणि पैसे ज्या बँक खात्यात गेले ते चार-दोन हजारांच्या आमिषाने भाड्याने दिलेले असते. त्यामुळे साखळीच्या टोकाला पुष्कळदा चोर सापडत नाही, ज्याला आपल्या नावावर सिम आहे हेही माहीत नाही असा एखादा मजूर सापडतो. त्याचेही नाव चोरलेलेच असते. म्हणून २०२३ च्या दूरसंचार कायद्याने फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिमकार्ड मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे कुणालाही पाहता येते, आणि जो आपला नाही तो कळवता येतो. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावानेही ते करून घ्यावे, कारण कागदपत्रांच्या झेरॉक्स त्यांच्याच सर्वांत जास्त ठिकाणी फिरलेल्या असतात.

सोलापूर जिल्ह्याला निनावी पोस्टची झळ किती भयंकर लागू शकते, हे २०१४ साली दिसले. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर पसरली. ती टाकणारा समोर नव्हता. ठिकठिकाणी दगडफेक आणि बंद सुरू झाले. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला एका जमावाने एका तरुण संगणक अभियंत्याला मारहाण केली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. तो सोलापूरचा होता. नोकरीसाठी पुण्यात राहत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या न्यायालयाने खटल्यातल्या आरोपींना निर्दोष मुक्त केले. लिहिणारा पडद्याआड, आणि त्याच्या लिहिण्याची किंमत मोजली ती रस्त्याने घरी चाललेल्या माणसाने. निनावी पोस्ट पाहून रक्त तापले की हे आठवावे. जो सापडत नाही त्याचा राग जो सापडतो त्याच्यावर निघतो.

अशा घटनेनंतर एक मागणी हमखास पुढे येते: प्रत्येक खात्याला आधार जोडा, खऱ्या नावाशिवाय कुणाला लिहूच देऊ नका. मागणी मनापासून असते, आणि ज्याच्या घरचा माणूस गेला त्याने ती केली तर तिला उत्तर देणे जड जाते. तरीही मी तिच्या विरुद्ध आहे, आणि त्याची कारणे सांगितली पाहिजेत.

पहिले कारण दक्षिण कोरियाचे. तिथे २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवणे सक्तीचे केले. शिवीगाळ कमी झाली ती अगदी किरकोळ. पण सगळ्यांची खरी माहिती कंपन्यांकडे एका जागी साठली, आणि २०११ साली एका मोठ्या संकेतस्थळसमूहावर दरोडा पडून सुमारे साडेतीन कोटी खातेदारांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास होती. नावचोरांच्या हाती खऱ्या नावांचे कोठार आयतेच लागले. २३ ऑगस्ट २०१२ रोजी कोरियाच्या घटना न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. गूगलनेही २०११ साली ‘गूगल प्लस’ सुरू करताना खऱ्या नावाची सक्ती केली होती; तीन वर्षांनी ती मागे घेतली.

दुसरे कारण सोलापूरच्या इतिहासात आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचे वाटते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार आहेत असे ठरवून त्यांतल्या माणसांची नावे नोंदवून घेतली आणि त्यांना तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतींत ठेवले. सोलापुरात अशी मोठी सेटलमेंट होती. रोज हजेरी, पुकारलेल्या नावाला ओ देणे, परगावी जायचे तर परवाना. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या लोकांच्या वसाहतीतले हे जगणे कादंबरीत प्रथम आले ते १९५० साली, ‘बळी’मध्ये, आणि तिची लेखिका होती तीच विभावरी शिरूरकर. ज्यांच्या आजोबांनी नावाची हजेरी दिली, ते लोक आजही याच जिल्ह्यात राहतात. आपले आडनाव वाचून घरमालक खोली नाकारतो, हेही त्यांतल्या पुष्कळांनी अनुभवले आहे. ‘लपवायचे काही नसेल तर नाव सांगायला काय हरकत’ असे म्हणणाऱ्याने हा प्रश्न एकदा त्या वस्तीत जाऊन विचारावा.

भारताने आजवर सक्ती केलेली नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ज्या माध्यमाचे भारतात पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते आहेत त्याला एवढेच सांगितले, की ज्याला स्वेच्छेने आपली ओळख पडताळून घ्यायची आहे त्याला तशी सोय द्या आणि पडताळलेल्या खात्यावर खूण दाखवा. ज्याला विश्वास मिळवायचा आहे त्याने पुरावा द्यावा, ज्याला फक्त बोलायचे आहे त्याच्याकडे तो मागू नये. मला हे तत्त्व योग्य वाटते. मात्र खूण कशाची आहे हे पाहायला शिकले पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरने निळी खूण महिना आठ डॉलरला विकायला काढली आणि काही दिवसांतच कुणीतरी एलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने खूण विकत घेऊन ‘इन्शुलिन आता फुकट’ असे जाहीर केले. कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. पैसे भरल्याची खूण आणि ओळख पटल्याची खूण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टोपणनावाने लिहिणाऱ्या त्या गुरुजींचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक हा शासकीय शिस्तीत येतो. सरकारी नोकरांसाठीच्या वर्तणूक नियमांत वृत्तपत्रीय लेखनावर बंधने आहेत, आणि ती घालताना स्वतःच्या नावाने, निनावी किंवा टोपणनावाने अशा सर्व वाटा नियम करणाऱ्यांनी आधीच नावे घेऊन अडवल्या आहेत. निव्वळ वाङ्मयीन, कलाविषयक किंवा शास्त्रीय लेखनाला मोकळीक असते. २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून समाजमाध्यमांवर शासनाच्या धोरणांवर टीका करू नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत असे कर्मचाऱ्यांना बजावले. म्हणजे गुरुजींची कविता चालेल, छपराबद्दलची पोस्ट अडचणीत आणेल. गुप्त माहिती फोडणाऱ्याला आणि पोरांच्या डोक्यावर पाणी गळते म्हणणाऱ्याला एकाच नियमात बसवणे अन्यायाचे आहे असे मला वाटते. पण त्यांनी हे जाणूनच लिहावे, की तक्रार होऊन चौकशी लागली तर टोपणनाव त्यांना फार काळ झाकू शकणार नाही. नोंदी कंपनीकडे असतातच.

आता ज्याचे नाव चोरले गेले त्याने काय करावे. बहुतेक जण आधी स्क्रीनशॉट काढतात आणि लगेच खाते ‘रिपोर्ट’ करतात. स्क्रीनशॉट हवाच, पण त्याआधी त्या खात्याची लिंक उतरवून ठेवावी. खात्यावरचे नाव आणि फोटो चोर कधीही बदलतो. खात्याचा अंतर्गत क्रमांक बदलत नाही, आणि पोलिसांना कंपनीकडे मागणी करताना तोच लागतो. खाते आधीच उडाले आणि लिंक नसली तर तपासाचे पहिले पाऊलच अडते. मग आपल्या खऱ्या खात्यावरून आणि गावच्या व्हॉट्सॲप गटात सगळ्यांना कळवावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार घरबसल्या करता येते.

वळसंगला पोलीस ठाणे आहे. ‘हे सायबरचे आहे, सोलापूरला जा’ असे कुठल्याही ठाण्यात ऐकायला मिळू शकते. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाने गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास मात्र पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून ठाण्याचा प्रमुख सहायक निरीक्षक असेल तर कागद पुढे जातो. दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल ६६क आणि तोतयेगिरीने फसवल्याबद्दल ६६ड ही कलमे लागतात. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३१९व्या कलमात तोतयेगिरीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाव लपवून धमकी दिली तर ३५१व्या कलमात मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत वाढ आहे. म्हणजे टोपणनाव घेणे गुन्हा नसला तरी धमकी देण्यासाठी ते घेतले तर शिक्षा वाढते.

कंपनीकडे करायच्या तक्रारीत एक तरतूद आहे, जी गावोगाव माहीत व्हायला हवी. २०२१ च्या नियमांनी तोतया खाते किंवा बनावट अश्लील चित्र काढून टाकण्यासाठी कंपनीला तक्रारीपासून चोवीस तासांची मुदत घातली होती; २०२६ च्या दुरुस्तीने ती दोन तासांवर आणली. कंपनीने दाद दिली नाही तर तीस दिवसांत केंद्र सरकारने २०२३ साली नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. आणि ही पहिली तक्रार त्या व्यक्तीनेच केली पाहिजे असे नाही. तिच्या वतीने दुसरे कुणीही करू शकते. मुलीच्या फोटोने खाते निघाल्याचे कळताच पुष्कळ घरांत आधी तिचा फोन काढून घेतात, मग कॉलेज बंद करतात. तसे केले की तिच्याजवळचे पुरावे, मैत्रिणींनी पाठवलेल्या लिंका, धमकीचे निरोप, सगळे बंद फोनात अडकून पडते आणि चोर मोकळा राहतो. फोन तिच्याकडेच राहू द्यावा, आणि तिच्या वतीने तक्रार भावाने, मामाने किंवा शाळेतल्या बाईंनी त्याच संध्याकाळी करावी.